पीएलसीमधील बॅटरी-बॅकअप मेमरी मॉड्यूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंट्रोल पॅनेलमधला सर्वांत दुर्लक्षित भाग कोणता, असे विचारले तर माझे उत्तर पीएलसीची (म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरची) बॅटरी हेच असेल. यंत्र चालू असेपर्यंत तिचे काहीच काम नसते. ती निकामी झाली तरी उत्पादनावर काडीचा परिणाम होत नाही, आणि वीजपुरवठा बंद होतो त्या दिवशी मात्र सगळा भार तिच्यावर येतो. देखभाल करणारे तंत्रज्ञ, प्रोग्रॅमर आणि जुनी यंत्रे ताब्यात घेतलेले अभियंते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

बॅटरी-बॅकअप मेमरी म्हणजे नेमके काय?

ही साधी स्टॅटिक रॅमच असते. वीज असेपर्यंत तिच्यातली माहिती जशीच्या तशी राहते आणि वीज गेली की पुसली जाते. मात्र सीमॉस पद्धतीच्या स्टॅटिक रॅमला नुसती माहिती धरून ठेवण्यासाठी अत्यंत कमी विद्युतप्रवाह लागतो, आणि पुष्कळशा चिपना त्यासाठी २ व्होल्ट एवढाच दाब पुरतो. त्यामुळे बोटाएवढी लिथियम बॅटरी अशी मेमरी काही वर्षे जिवंत ठेवू शकते. डायनॅमिक रॅमचे तसे नसते. तिच्यातली माहिती सेकंदातून अनेकदा नव्याने भरावी लागते, म्हणून या कामाला ती चालत नाही.

अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरमध्ये मॅग्नेटिक कोअर मेमरी असे आणि तिला बॅटरीची गरजच नव्हती. बॅटरी आली ती सेमीकंडक्टर रॅमबरोबर.

वीज गेली तरी माहिती टिकवणारी फ्लॅश मेमरी असताना रॅम आणि बॅटरी कशासाठी?

लिहिण्याच्या मर्यादेमुळे. फ्लॅश मेमरीचा एखादा विभाग साधारण १०,००० ते १,००,००० वेळा पुसून लिहिता येतो, आणि ईईप्रॉम (विजेने पुसता येणारी कायम मेमरी) १ लाख ते १० लाख वेळा. हे आकडे मोठे वाटतात. पण पीएलसीचा एक स्कॅन (प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी) १० मिलिसेकंदांचा धरला, तर दर स्कॅनला बदलणारा एखादा काउंटर सेकंदाला १०० वेळा लिहिला जातो. या गतीने १ लाख वेळांची मर्यादा १,००० सेकंदांत, म्हणजे १७ मिनिटांच्या आत संपते. स्टॅटिक रॅमवर कितीही वेळा लिहिले तरी ती झिजत नाही, आणि लिहिण्यासाठी थांबावेही लागत नाही.

म्हणूनच बऱ्याच कंट्रोलरमध्ये विभागणी केलेली दिसते : क्वचित बदलणारा प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये किंवा ईप्रॉममध्ये, आणि सतत बदलणारी मूल्ये, काउंटर, बॅच क्रमांक, रेसिपी (प्रत्येक उत्पादनासाठी ठरवलेली सेटिंग) हे बॅटरीवरच्या रॅममध्ये. जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमसुद्धा रॅममध्येच असतो, आणि तेथे धोका दुप्पट होतो.

बॅटरी मेमरी मॉड्यूलमध्ये असते की सीपीयूमध्ये?

दोन्ही प्रकार आढळतात. यातला फरक न कळल्यामुळे अनेकांनी माहिती गमावली आहे, म्हणून हे उत्तर नीट वाचावे.

काही मेमरी कार्डांमध्ये स्वतःची बॅटरी असते. मित्सुबिशीच्या क्यू मालिकेतील एसरॅम (स्टॅटिक रॅम) कार्ड हे याचे उदाहरण. त्याच्या एका कडेला बॅटरीचे छोटे खण असते, कार्ड सीपीयूतून काढले तरी माहिती टिकते, आणि सीपीयूची बॅटरी वेगळी असते. अशा यंत्रणेत दोन बॅटऱ्यांची दोन स्वतंत्र वेळापत्रके सांभाळावी लागतात. सीपीयूची बॅटरी बदलली म्हणजे काम झाले असे समजून कार्डाची बॅटरी वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या प्रकारात कार्डात बॅटरी नसतेच. सीमेन्सच्या एस७-४०० मालिकेतील रॅम कार्ड रॅकच्या बॅकअपवर जगते, आणि त्या बॅटऱ्या सीपीयूतही नसून पॉवर सप्लाय मॉड्यूलमध्ये बसवलेल्या असतात. हे कार्ड बाहेर ओढले की त्यातली माहिती गेली. दिसायला ते फ्लॅश कार्डासारखेच असल्यामुळे ‘कार्ड काढून सुरक्षित ठेवतो’ असे म्हणत नेमके उलटे घडण्याचा धोका असतो. कार्ड हातात घेण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक वाचून ते रॅम आहे की फ्लॅश, याची खात्री करावी.

तिसरा प्रकार म्हणजे बॅटरी आणि मेमरी एकाच प्लास्टिकच्या ठोकळ्यात कायमची बंद केलेली चिप. तिच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

वीज जाते त्या क्षणी आत काय घडते?

पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमुळे वीज गेल्यानंतरही काही मिलिसेकंद ५ व्होल्ट टिकून राहतात. देखरेख करणारे सर्किट या दाबावर लक्ष ठेवून असते. दाब सुमारे ४.५ व्होल्टच्या आसपास घसरला की ते प्रोसेसरला रीसेट करते आणि रॅमचा चिप-सिलेक्ट (तिच्यावर लिहू-वाचू देणारा संकेत) बंद करते, जेणेकरून मरणपंथाला लागलेला प्रोसेसर भलत्याच जागी भलतेच काही लिहिणार नाही. त्यानंतर रॅमचा पुरवठा बॅटरीकडे वळवला जातो.

यातले मेमरीला वेळेत कुलूप लावणे हे पुरवठा बॅटरीकडे वळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बॅटरी उत्तम असूनही माहिती बिघडली, तर पॉवर सप्लायकडे संशयाने पाहावे. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकले की दाब एकदम कोसळतो आणि मेमरीचे कुलूप लागण्यापूर्वीच गोंधळ होतो. बॅटरी बदलून हा दोष जात नाही.

कोणती बॅटरी वापरावी? रिचार्जेबल चालेल का?

उत्पादकाने सांगितलेलीच वापरावी. या कामासाठी प्रामुख्याने दोन रसायने दिसतात : ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड आणि ३ व्होल्टची लिथियम मँगनीज डायऑक्साइड. सर्वांच्या परिचयाचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल दुसऱ्या प्रकारातला आहे. दोन्ही प्रकार एकदाच वापरायचे आहेत. त्यांना चार्ज करण्याचा प्रयत्न केला तर ते फुगतात, फुटतात किंवा पेट घेतात. म्हणूनच रॅम आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड किंवा रोधक बसवलेला असतो. दुरुस्ती करताना तो भाग कधीही टाळून जोडणी करू नये.

आकाराने अगदी तशीच दिसणारी रिचार्जेबल बॅटरी येथे चालत नाही. तिचा दाब वेगळा असतो, आपोआप उतरण्याचा वेग जास्त असतो आणि सर्किटमध्ये तिला चार्ज करण्याची सोयच नसते. पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल आणि घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल यांतही गल्लत होते. आकार एकच, दाब दुपटीहून अधिक वेगळा.

बॅटरी किती वर्षे टिकते?

हा प्रश्न विचारताना ‘वीज असताना की वीज नसताना?’ असा प्रतिप्रश्न करणे भाग आहे. यंत्र चालू असेपर्यंत रॅमला पॉवर सप्लाय पोसतो आणि बॅटरी फक्त आपोआप उतरते. चांगल्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये सामान्य तापमानाला हे उतरणे वर्षाला सुमारे १ टक्का एवढेच असते. वीज बंद असताना मात्र रॅमचा प्रवाह बॅटरीतून जातो.

समजा, सेलची क्षमता १,२०० मिलिअँपिअर-तास आहे आणि मेमरी व घड्याळ मिळून २० मायक्रोअँपिअर घेतात. भागाकार केला तर ६०,००० तास येतात, म्हणजे वीज बंद ठेवून जवळजवळ ६ वर्षे १० महिने. आता पॅनेलच्या आतले तापमान वाढले आणि चिपमधली गळती १०० मायक्रोअँपिअरवर गेली असे धरा. तोच सेल १२,००० तासांत, म्हणजे दीड वर्षाच्या आत संपतो. हे गणित केवळ कल्पना यावी म्हणून केले आहे. प्रत्यक्ष आकडे आपल्या सीपीयूच्या पुस्तिकेतील तक्त्यातून घ्यावेत. तेथे बहुधा ‘हमी दिलेला’ आणि ‘प्रत्यक्षात सर्वसाधारणपणे मिळणारा’ असे दोन काळ दिलेले असतात. त्यांतला पहिला, म्हणजे लहान आकडाच नियोजनासाठी धरावा.

भट्टीशेजारच्या पॅनेलमधली आणि वातानुकूलित खोलीतली बॅटरी एकाच वेळापत्रकाने बदलणे चुकीचे आहे.

मल्टिमीटर ३.६ व्होल्ट दाखवतो. मग बॅटरी चांगली आहे ना?

तसे म्हणता येत नाही. लिथियम थायोनिल क्लोराइड सेलचा दाब आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि अखेरीस एकदम घसरतो. ९० टक्के रिकामा झालेला सेल आणि कोरा सेल यांत मल्टिमीटरला फारसा फरक दिसत नाही. शिवाय मल्टिमीटर सेलवर भारच टाकत नाही, त्यामुळे आतला वाढलेला रोध लपून राहतो. बॅटरी दाबावरून नव्हे, तारखेवरून बदलावी. नवी बॅटरी बसवल्याची तारीख पॅनेलच्या दाराच्या आत लेबलवर लिहावी, आणि सेलवर छापलेली उत्पादनाची तारीखही तेथेच नोंदवावी, कारण कपाटात पडून राहिलेली वर्षेही आयुष्यातूनच वजा होतात.

बॅटरीचा दिवा लागला आहे. किती अवधी आहे?

दिवा लागल्यावर किती काळ धीर धरता येईल, हे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि तो काळ मॉडेलनुसार फार बदलतो. माझा सल्ला सरळ आहे : दिवा लागल्यापासून बॅटरी बदलेपर्यंत त्या पॅनेलचा वीजपुरवठा बंद करू नये, आणि त्याच दिवशी प्रोग्रॅम व डेटाचा बॅकअप घ्यावा.

खरी अडचण अशी की बंद पॅनेलच्या आतला लाल दिवा पाहणार कोण? त्यासाठी सीपीयू एक अंतर्गत बिट देतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एम८००५ आणि क्यू मालिकेत एसएम५२ हे बिट बॅटरी कमी झाल्याचे सांगतात. ओमरॉनच्या सीएस आणि सीजे मालिकेत ए४०२.०४ आहे, सीमेन्सच्या एस७-३०० आणि एस७-४०० मध्ये बॅटरीच्या बिघाडासाठी ओबी८१ हा ब्लॉक चालवला जातो. हा बिट ऑपरेटरच्या पडद्यावरच्या अलार्मला जोडणे हे एका ओळीचे काम आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात इतक्या कमी श्रमात एवढा मोठा लाभ देणारे दुसरे काम नाही. अलार्मच्या मजकुरात ‘बॅटरी कमी’ एवढेच न लिहिता ‘पीएलसीची बॅटरी कमी आहे, पॅनेलची वीज बंद करू नका, मेंटेनन्सला कळवा’ असे लिहावे.

बॅटरी बदलावी कशी?

आधी पुस्तिकेतील त्या मॉडेलचे पान उघडावे, कारण काही सीपीयूंमध्ये वीज चालू ठेवून बॅटरी बदलता येते आणि काहींमध्ये वीज बंद करूनच बदलायची असते. वीज बंद करून बदलायच्या सीपीयूमध्ये एक कपॅसिटर थोडा वेळ रॅमला धरून ठेवतो. हा वेळ कोठे काही मिनिटांचा, तर एफएक्स३यूसारख्या लहान कंट्रोलरमध्ये अवघ्या २० सेकंदांचा असतो. तो कपॅसिटर पूर्ण भरलेला असावा म्हणून बदलण्यापूर्वी कंट्रोलर काही मिनिटे चालू ठेवावा लागतो. महिनाभर बंद असलेल्या यंत्राची बॅटरी थेट जाऊन ओढली, तर तो आधार मिळत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम प्रोग्रॅम आणि डेटा लॅपटॉपवर उतरवून घ्यावा आणि तो कंट्रोलरशी ताडून पाहावा. नवी बॅटरी पाकिटातून काढून, प्लग कोणत्या बाजूने बसतो ते पाहून हाताशी ठेवावी. स्थिर विद्युत निघून जावी म्हणून मनगटपट्टा बांधावा किंवा निदान अर्थ केलेल्या धातूला हात लावावा. त्यानंतर झाकण उघडावे. अनेक बॅटऱ्यांना लाल आणि काळी अशा दोन बारीक तारा आणि टोकाला दोन पिनांचा नखाएवढा प्लग असतो. तो तारांना धरून कधीही ओढू नये. तार प्लगमधून अर्धवट निसटते, वरून ठीक दिसते, आणि काही आठवड्यांनी कंपनाने सुटते. लहान चिमट्याने किंवा नखांनी प्लगची प्लास्टिकची कड धरून तो सरळ बाहेर काढावा. नवा प्लग बसताना हलकासा टिचकीचा स्पर्श बोटाला जाणवतो. तो जाणवला नाही तर पुन्हा बसवावा.

वीज चालू ठेवून काम करायचे असेल, तर पॅनेलमधील उघड्या जिवंत भागांचे भान ठेवावे, आणि हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. यंत्र थांबलेल्या आणि सुरक्षित स्थितीत असावे.

नवी बॅटरी घातली तरी दिवा जात नाही. असे का?

तीन कारणे तपासावीत. पहिले, प्लग नीट बसलेला नसतो. दुसरे, काही कंट्रोलरमध्ये एक बिट सूचना धरून ठेवतो आणि तो मुद्दाम पुसावा लागतो. एफएक्समधला एम८००६ आणि क्यूमधला एसएम५१ हे तसे बिट आहेत. तिसरे कारण रासायनिक आहे. लिथियम थायोनिल क्लोराइड सेल बराच काळ पडून राहिला की लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. हाच थर सेलला वर्षानुवर्षे उतरू देत नाही, पण सुरुवातीला भार आला की दाब काही काळ खाली जातो. थोड्या वेळाने तो सावरतो. सावरला नाही तर सेल जुना आहे असे समजावे.

बॅटरी चांगली आहे, तरी वीज आल्यावर काही मूल्ये शून्य होतात. बॅटरी बदलू का?

बदलू नये, आधी रिटेन्टिव्ह (वीज गेली तरी मूल्य जपणाऱ्या) पत्त्यांची मर्यादा पाहावी. बॅटरी सगळी रॅम जपत असली, तरी वीज परत आल्यावर सीपीयू रिटेन्टिव्ह नसलेले पत्ते मुद्दाम शून्य करतो. एफएक्स३यूमध्ये डी० ते डी१९९ हे साधे आणि डी२०० पासून पुढचे डेटा रजिस्टर मूळ मांडणीनुसार जपलेले असतात. प्रोग्रॅमरने महत्त्वाचे सेटिंग डी५० मध्ये ठेवले असेल, तर कितीही बॅटऱ्या बदलून ते टिकणार नाही.

याउलट, सीपीयूचे घड्याळच फार जुनी तारीख दाखवत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे, कारण घड्याळही बहुधा त्याच बॅटरीवर चालते.

माहिती गेलीच आहे. आता काय करावे?

घाईने कंट्रोलर रन मोडमध्ये टाकू नये. प्रथम आउटपुट मॉड्यूलचा पुरवठा फ्यूज काढून किंवा आयसोलेटरने तोडावा, कारण रॅममध्ये आता शून्ये असतील किंवा वाटेल ते असेल. बहुतेक कंट्रोलर वीज आल्यावर चेकसम (माहिती शाबूत आहे का ते दाखवणारी बेरीज) तपासून फॉल्टमध्ये थांबतात, परंतु डेटाच्या प्रत्येक मूल्याची अशी तपासणी होईलच असे नाही. त्यानंतर बॅटरी बदलावी, मेमरी पूर्ण पुसावी, प्रोग्रॅम चढवावा, मग डेटा चढवावा, घड्याळ लावावे, आणि आउटपुट तोडलेले असतानाच प्रत्येक मर्यादा व टाइमर पडद्यावर तपासावा.

एका कारखान्यात चार दिवसांच्या शटडाउननंतर एक्स्ट्रूडरचा पीएलसी कोरा होऊन उठला. प्रोग्रॅमची प्रत आमच्याकडे होती आणि ती वीस मिनिटांत चढलीही. परंतु ती यंत्र उभारले त्या दिवशीची होती. त्यानंतरच्या तीन वर्षांत ऑपरेटरांनी अंशाअंशाने जुळवलेली बॅरलची तापमाने आणि बारा रेसिपी तिच्यात नव्हत्या. त्या मिळाल्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, रात्रपाळीच्या एका ज्येष्ठ ऑपरेटरने पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या रकान्यांत. त्यातल्या दोन रेसिपी पुसट झाल्या होत्या आणि त्या पुन्हा बसवायला जवळजवळ एक आठवडा गेला. त्या दिवसापासून मी ‘बॅकअप आहे का?’ असे विचारत नाही. ‘बॅकअप कोणत्या तारखेचा आहे आणि त्यात डेटा आहे का?’ असे विचारतो.

बॅकअपमध्ये काय काय असावे?

प्रोग्रॅम त्याच्या टिपणांसह, सीपीयूचे पॅरामीटर, सर्व रिटेन्टिव्ह डेटाची वाचलेली प्रत, पडद्याचा प्रोजेक्ट, आणि ज्या सॉफ्टवेअरने हे उघडते त्याची आवृत्ती. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘अपलोड’ म्हटल्यावर डेटा आपोआप येत नाही. तो वेगळा निवडावा लागतो. रेसिपी बदलल्या की नवी प्रत घ्यावी, आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत सुट्या सीपीयूवर चढवून पाहावी.

सर्वो ड्राइव्हच्या अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाची) बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे. ती संपली तर अक्षाचा शून्यबिंदू जातो, आणि तो पीएलसीच्या बॅकअपमधून परत येत नाही.

सुटे मॉड्यूल बॅटरी लावूनच ठेवावे का?

ठेवू नये. कपाटातले मॉड्यूल चोवीस तास बॅटरीवरच असते, म्हणजे सर्वांत वेगाने ती तेथेच संपते. बॅटरीचा प्लग काढून ठेवावा आणि सेल थंड, कोरड्या जागी मूळ पाकिटात ठेवावा.

बॅटरीशिवायचे पर्याय कोणते?

सुपरकपॅसिटर काही दिवस ते काही आठवडे माहिती धरतो, पण उष्णतेने तोही म्हातारा होतो. काही नव्या सीपीयूंमध्ये कपॅसिटरची ऊर्जा वीज जाण्याच्या क्षणी रॅममधली माहिती फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरती वापरली जाते. कंट्रोललॉजिक्सच्या १७५६-एल७ मालिकेत बॅटरीऐवजी असे ऊर्जा साठवणारे मॉड्यूल आहे. फेरोइलेक्ट्रिक रॅम अब्जावधी वेळा लिहिता येते आणि तिला कशाचाच आधार लागत नाही. नवी यंत्रणा निवडताना बॅटरी नसलेली निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे. चालू असलेली जुनी यंत्रणा केवळ बॅटरीपायी बदलण्याची मात्र गरज नाही.

काढलेल्या बॅटरीचे काय करावे?

दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती घातक कचऱ्याच्या अधिकृत संकलनात द्यावी. काढलेले सेल एका डब्यात एकत्र टाकू नयेत. टोके एकमेकांना लागून शॉर्ट होते. थायोनिल क्लोराइडचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड हे घातक वायू निघतात, म्हणून सेल फोडू नये, जाळू नये आणि त्यावर थेट सोल्डरिंग करू नये. लिथियम १८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि सोल्डरिंगचे टोक त्याहून खूपच गरम असते.

बॅटरी चिपच्या आतच बंद असेल तर?

डॅलस सेमीकंडक्टरची डीएस१२२५ ही अशी एक ओळखीची चिप आहे. उंच, काळा ठोकळा, आत रॅम आणि लिथियम सेल, आणि माहिती टिकण्याचा सांगितलेला काळ १० वर्षे. तिला बॅटरीचा दिवा नसतो आणि बदलायला खणही नसते. वय झाले की पूर्ण चिपच बदलावी लागते. ती सॉकेटमध्ये असेल तर जिवंत असतानाच काढून प्रोग्रॅमर यंत्रावर वाचून घ्यावी, फाइल दोन ठिकाणी जपावी आणि नव्या चिपमध्ये तीच माहिती भरून बसवावी. ती बोर्डला सोल्डर केलेली असेल, तर काढण्यापूर्वी कंट्रोलर चालू असतानाच त्यातली माहिती सॉफ्टवेअरने वाचून घ्यावी, कारण सोल्डर काढताना बसणारी उष्णता आतल्या थकलेल्या सेलला सोसेलच याचा भरवसा नसतो. नवी चिप बसवताना बोर्डवर सॉकेट लावून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी हे काम पाच मिनिटांचे होईल.